घरच्या गॅसवर चिकन हक्का नूडल्स : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाकिटाच्या मागे कृती चार ओळींत छापली आहे, कारण जागाच तेवढी. पण ग्राहकांचे फोन येतात ते बहुतेक एकाच तक्रारीचे: "गाडीवरच्यासारख्या सुटसुटीत होत नाहीत हो, गोळा होतो." त्याचं उत्तर चार ओळींत मावत नाही, म्हणून हे पत्रक.

गाडीवरच्या भट्टीला हाय प्रेशर रेग्युलेटर असतो. घरगुती रेग्युलेटर मुद्दामच कमी दाबाने गॅस सोडतो. तेवढ्या आचेवर कढई गच्च भरली की चिकनला आणि भाज्यांना सुटलेलं पाणी उडून जाईना होतं, आणि ते असेपर्यंत कढईतला माल 100 अंशांच्या वर तापत नाही. तांबूस रंग आणि खमंग वास यायला साधारण 140 अंश तरी लागतात. नाव परतण्याचं, काम वाफवण्याचं!

तेव्हा एका वेळी दोघांपुरतंच करा. चौघं जेवायला असतील तर दोन घाणे काढा. घरच्या शेगडीला हाय प्रेशर रेग्युलेटर जोडायच्या फंदात मात्र कृपया पडू नका.

दोघांसाठी
नूडल्स 150 ग्रॅम, बोनलेस चिकन 150 ग्रॅम, उभा पातळ चिरलेला कोबी दोन मुठी, एक लहान गाजर, अर्धी ढोबळी मिरची, चार-पाच फरसबीच्या शेंगा, पातीच्या कांद्याच्या तीन-चार काड्या, सहा-सात लसूण पाकळ्या, थोडं आलं, एक हिरवी मिरची.

आधी नूडल्स
दीड-दोन लिटर पाणी खळखळून उकळलं की चमचाभर मीठ घालून नूडल्स सोडा. काट्याने मोकळ्या करा, झाकण ठेवू नका. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधीच एक नूडल काढून नखाने तोडा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. ठिपका गेल्यावर उतरवल्या तर कढईत हमखास मोडतात, कारण उरलेलं शिजणं तिथे व्हायचं असतं. लगेच चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडा. त्याने शिजणं थांबतं आणि वरचा चिकट स्टार्च धुऊन जातो. पूर्ण निथळल्या की चमचाभर तेल चोळून परातीत पसरा आणि अर्धा तास तशाच ठेवा. घाईच्या दिवशी ही पायरी गाळावीशी वाटते, पण ओल्या, गरम नूडल्स कढईत गेल्या की गोळा ठरलेला.

चिकन
छातीपेक्षा तंगडीचं बोनलेस मांस घ्या, ते कोरडं पडत नाही. धुतलंत तर स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करा आणि बोटाएवढ्या पातळ पट्ट्या कापा. त्यांना चहाचा एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लॉवर, थोडा अंड्याचा पांढरा बलक आणि चिमूटभर मिरपूड लावून वीस मिनिटं मुरू द्या. कॉर्नफ्लॉवरचा पातळ थर रस आत धरून ठेवतो. कोळंबीही अशीच चालते, फक्त दोन-तीन मिनिटांत उतरवा. मटण चालवायचं तर आधी कुकरमध्ये शिजवून, कोरडं करून घ्या. कच्चं मटण एवढ्या वेळात शिजत नाही.

कढईवर
लोखंडी कढई सगळ्यात चांगली. नॉनस्टिक रिकामी सणसणीत तापवू नका. साधारण 260 अंशांच्या वर तिचा लेप खराब होऊन घातक धूर निघू लागतो.

गॅस पेटवायच्या आधी सगळं चिरून हाताशी मांडा. कढईतून धुराची पहिली रेघ दिसली की मोठा चमचाभर रिफाइंड तेल घाला. चिकन एका थरात पसरा आणि मिनिटभर हात लावू नका. खालून रंग आला की उलटा, आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत परता आणि स्वच्छ ताटलीत काढा. कच्चं चिकन ज्यात मुरवलं ते भांडं पुन्हा वापरू नका.

त्याच कढईत थोडं तेल, लसूण, आलं, मिरची. लसूण करपण्याआधी गाजर आणि फरसबी, मिनिटभराने कोबी आणि ढोबळी मिरची. भाज्या कच्च्यावरच राहू द्या. मीठ आताच घातलंत तर पाणी सुटेल. चिकन परत टाका, वर नूडल्स. चहाचे दोन चमचे सोया सॉस आणि एक चमचा रेड चिली सॉस कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा, म्हणजे सॉसचा कच्चा वास जातो. झाऱ्याने घोटू नका, दोन काट्यांनी खालून वर उचलत राहा. शेवटी पांढरी मिरपूड, चमचाभर व्हिनेगर, कांद्याची पात. मीठ चव घेऊनच घाला, सोया सॉस आधीच खारट असतो.

"हे खरं चायनीज का?" असंही काही जण विचारतात. दक्षिण चीनमधले हक्का लोक कोलकात्यात येऊन राहिले, तिथल्या टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने चालवले आणि तिथेच त्यांची हॉटेलंही उभी राहिली. आपल्याकडची ही चव त्या भारतीय चायनीजची. त्यामुळे अजिनोमोटो घालायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या मते लसूण भरपूर असेल तर त्याची गरज नाही.

उरलेल्या नूडल्स दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून वाफ येईपर्यंत गरम करा. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात नूडल्स सादळतात, किडेही होतात.