केसपेपरवरचा ‘अनोळखी’ : बोलू न शकणाऱ्या रुग्णांची ओळख कशी पटवली जाते, त्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरात ज्याला जुनी माणसे अजूनही थोरला दवाखाना म्हणतात, त्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि इतरत्रही केसपेपर काढण्याची रीत एका गृहीतकावर उभी राहिली : खिडकीशी आलेला माणूस स्वतःचे नाव, गाव आणि वय सांगेल, आणि त्याला सांगता आले नाही तर सोबतचे भाऊबंद सांगतील. संस्थानी काळापासून बराच काळ हे गृहीतक पुरेसे होते, कारण रुग्ण एकटा येत नसे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत परप्रांतीय कामगार आले, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या दर हंगामाला येऊ लागल्या आणि पुणे–बंगळूर महामार्गावरील वाहतूक वाढली, तसे आपल्या माणसांपासून शेकडो किलोमीटर दूर जखमी होणारे लोक अपघात विभागात वाढले. सीमाभागातून येणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक कन्नड बोलणारे असू शकतात, ही यातली आणखी एक अडचण.

‘बोलू न शकणारा’ हा एकच प्रकार नाही. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला, अर्धांगवायूने वाचा गेलेला, घशात नळी असलेला, जन्मतः मूकबधिर असलेला आणि स्मृतिभ्रंशामुळे चुकीचे नाव सांगणारा, या पाचांची ओळख पाच वेगळ्या रीतींनी पटवावी लागते. नळी असलेला रुग्ण मान हलवू शकतो, पण ‘तुम्ही पाटीलच ना?’ या प्रश्नाला ग्लानीतला माणूस कशालाही होकार देतो. म्हणून नाव रुग्णाकडून वदवून घ्यावे, आपण सुचवू नये, हा रुग्णसुरक्षेचा मूलभूत नियम आहे, आणि नेमका तोच नियम इथे निरुपयोगी ठरतो. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने किमान दोन ओळखचिन्हे वापरण्याची आणि त्यांत खाटेचा किंवा खोलीचा क्रमांक न धरण्याची शिफारस केली. मनगटावरचा पट्टा आपल्याकडे रुळू लागल्यानंतरही ‘सात नंबरचा पेशंट’ ही बोली वॉर्डातून गेलेली नाही.

उपचार ओळखीसाठी थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले होते : जखमीला आधी वाचवायचे, पोलिसी सोपस्कार नंतर. पुढे 2014 मध्ये राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आणि रस्त्यावर पडलेला माणूस लवकर दवाखान्यात पोहोचू लागला. 2016 मधील न्यायालयीन आदेशाने आणि 2019 मधील मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने जखमीला आणणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती उरली नाही. हा निर्णय योग्यच होता, कारण पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने लोक जखमीजवळ थांबत नसत. मात्र एमएलसीच्या (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या, म्हणजे मेडिको-लीगल केसच्या) नोंदीत ‘आणणाऱ्याचे नाव’ हा रकाना आता रिकामा राहू शकतो, आणि पूर्वी त्याच रकान्यातून अपघाताची नेमकी जागा, सोबत कोण होते, गाडी कोणाची होती असे धागे मिळत.

याच दशकात आधार आले. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला, आणि पुढे रेशन दुकानात अंगठा लावण्याची सवय झाल्यावर लोकांना सहज वाटू लागले की बेशुद्ध माणसाचाही अंगठा लावला की नाव कळेल. अपघात विभागात हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. चूक ‘पडताळणी’ या शब्दाच्या समजुतीत आहे. रेशन दुकानातील यंत्र ‘हा कोण?’ असे विचारत नाही. आधी क्रमांक दिला जातो आणि त्या क्रमांकाच्या नोंदीशी ठसा जुळतो की नाही एवढेच उत्तर येते. म्हणजे पडताळणीला आधी एक दावा लागतो. ज्याला बोलता येत नाही त्याने कोणताच दावा केलेला नसतो. त्याची पडताळणी होऊ शकत नाही, त्याची ओळख शोधावी लागते. एका ठशावरून कोट्यवधी नोंदींत माणूस शोधणे हे वेगळे काम आहे.

2016 च्या आधार कायद्याने ठसे आणि बुबुळांची माहिती आधार क्रमांक तयार करणे व पडताळणी या दोनच कामांपुरती राखून ठेवली. न्यायालयाच्या आदेशानेही ती उघड करता येत नाही. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अनोळखी मृतदेहांचा प्रश्न आला, तेव्हाही असा शोध व्यवहार्य नसल्याचेच सांगण्यात आले. तरीही नवी नोंदणी करताना तोच माणूस आधी नोंदलेला नाही ना हे पाहण्यासाठी साऱ्या नोंदींशी तुलना होतेच. नागपुरात हरवलेल्या व्यक्तींची नवी नोंदणी याच कारणाने फेटाळली गेली आणि त्यातून त्यांच्या घरांचा पत्ता लागला. म्हणजे तंत्र आहे. दार कायद्याने बंद ठेवले आहे. ते सर्रास उघडले तर घरच्या मारहाणीतून पळून आलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा चुकीच्या हाती पडेल, ही भीती खरी आहे. पण अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसासाठी, न्यायालयाच्या देखरेखीखाली, ते किलकिले करण्याची तरतूद नसावी हे पटणारे नाही. अर्थात सुजलेले डोळे आणि पट्ट्यांत गुंडाळलेले हात असताना दहा बोटांचे ठसे व बुबुळे मिळणे अवघडच असते.

पोलिसांकडील ठशांचा उपयोग पूर्वी पकडल्या गेलेल्यांपुरता मर्यादित आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेतील 14 अंकी आभा क्रमांकही सांगावा किंवा दाखवावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात काम होते ते जुन्याच साधनांनी : तीळ, व्रण, यात्रेत हातावर गोंदवून घेतलेले नाव, कपड्यांवरील शिंप्याचे लेबल, खिशातील एसटीचे तिकीट. खिशातील कागदांवर पूर्ण विश्वास टाकता येत नाही, कारण मोबाइल मित्राचा आणि गाडी मागून आणलेली असू शकते. चेहरा सुजलेला असेल तर नातेवाईकही चुकतात.

यामुळे नाव ठरवण्याची घाई न करता तात्पुरता क्रमांक देणे महत्त्वाचे ठरते. एका रात्री दोन ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय 40’ दाखल झाले आणि दोघांचे रक्ताचे नमुने त्याच वर्णनाने गेले, तर चुकीच्या गटाचे रक्त चढण्याचा धोका असतो. ‘अनोळखी’पुढे क्रमांक, तारीख आणि वेळ लागते ती त्यासाठी. नातेवाईक सापडल्यावर खरे नाव केसपेपरवर चढते, पण तात्पुरता क्रमांक खोडायचा नसतो, कारण पहिल्या रात्रीच्या रक्तपिशव्या, एक्स-रे आणि पोलिसांची नोंद त्याच क्रमांकावर असते.