धमकीमुळे चित्रपट उतरवणे (मुंबई)

सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेला, जाहिरात झालेला, खेळांच्या वेळाही लागलेला चित्रपट तोडफोडीच्या भीतीने चित्रपटगृहाने न लावणे किंवा लावल्यावर काढून घेणे, असा हा प्रकार आहे. तो सरकारी बंदीहून वेगळा. बंदीचा आदेश सही-शिक्क्यानिशी निघतो आणि तो घेऊन न्यायालयात जाता येते. उतरवलेल्या चित्रपटाच्या मागे बहुधा एकही कागद नसतो. गुरुवारी संध्याकाळी फोनाफोनी होते आणि रात्रीतून तिकिटांच्या अ‍ॅपवरच्या वेळा नाहीशा होतात. विचारणाऱ्याला 'तांत्रिक कारण' किंवा 'प्रतिसाद नाही' एवढेच उत्तर मिळते.

धमकी कशी येते

सुरुवात बहुतेकदा ट्रेलरपासून होते. आधी पत्रकार परिषद, मग निवेदन. पाच-दहा कार्यकर्ते व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये जाऊन लेटरहेडवरचा कागद देतात आणि देतानाचा फोटो काढून घेतात. कागदाची भाषा जपून लिहिलेली असते: भावना दुखावल्या आहेत, खेळ लावल्यास होणाऱ्या परिणामांस व्यवस्थापन जबाबदार राहील. खरी धमकी तोंडी असते, 'आमच्या स्टाइलने आंदोलन करू'. 'खळ्ळ-खट्याक' हा शब्द पाठ असलेल्या शहरात याचा अर्थ कोणी कोणाला विचारत नाही. निवेदनाची पोच देऊन एक प्रत त्याच दिवशी पोलीस ठाण्यात देणारा व्यवस्थापक शहाणा म्हणायचा. पुढे काही झाले तर हाताशी पुरावा म्हणून तेवढेच उरते.

हल्ला झालाच तर तो ठरलेल्या जागी होतो. आधी पोस्टर, कटआउट आणि दर्शनी काचा, मग तिकीट खिडकी. सर्वांत महाग पडतो तो पडदा. एकदा फाटला की बदलावाच लागतो आणि तोवर ते प्रेक्षागृह बंद. काही जण रीतसर तिकीट काढून आत बसतात आणि खेळ सुरू झाल्यावर घोषणा देत उठतात. दारावर बॅगा तपासून त्यांना अडवता येत नाही, कारण त्यांच्याकडे तिकिटाशिवाय काहीच नसते. अशा वेळी खेळ थांबवून दिवे लावणे आणि प्रेक्षकांना बाजूच्या दारांनी बाहेर काढणे हाच बरा मार्ग. अंधारात बाचाबाची वाढली की चेंगराचेंगरीची भीती आंदोलकांपेक्षा मोठी ठरते.

आणखी एक निरीक्षण: वाहिन्यांचे कॅमेरे पोचण्याआधी काच क्वचितच फुटते.

मालकाचे गणित

बाहेरून भ्याडपणा वाटतो, पण हिशेब साधा आहे. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप मिटला, तेव्हा हिंदी चित्रपटांच्या तिकीट उत्पन्नात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. म्हणजे पहिला शुक्रवार-शनिवार-रविवार बुडाला तर सर्वाधिक फटका निर्मात्या-वितरकाला बसतो. चित्रपटगृहाकडे दुसरा चित्रपट असतो. पाच पडदे असलेला व्यवस्थापक वादग्रस्त चित्रपटाचे खेळ काढून त्या वेळा दुसऱ्याला देतो आणि पॉपकॉर्नची विक्री चालूच राहते. काच फुटली तर तो खर्च मात्र एकट्या चित्रपटगृहाचा.

विम्याचा आधारही अर्धाच. दंगल, संप आणि जाणूनबुजून केलेले नुकसान यांचे संरक्षण पॉलिसीत असले, तर फुटलेल्या वस्तूंची भरपाई मिळू शकते. काहीच फुटले नसताना भीतीने रद्द केलेल्या खेळांचे उत्पन्न त्यात सहसा बसत नाही. त्यात मल्टिप्लेक्स मॉलमध्ये असते आणि मॉलमध्ये इतर दुकाने असतात. शनिवार-रविवारच्या गर्दीवर जगणारे ते दुकानदार मॉलच्या व्यवस्थापनाला फोन करतात आणि तिथून आलेला शब्द पक्षाच्या निवेदनापेक्षा जड ठरतो.

एकपडदा चित्रपटगृहाची अडचण निराळी. आजचा चित्रपट डिजिटल फाइल म्हणून येतो आणि ती उघडणारी चावी ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक मुदतीपुरती दिलेली असते. गुरुवारी रात्री नवा चित्रपट उतरवायचा तर पडद्यावर लावायला दुसऱ्याची चालू चावी हवी. म्हणून असे मालक मागच्या आठवड्याच्या चित्रपटाची मुदत आधीच वाढवून मागतात. ज्याला हे सुचत नाही, त्याचा पडदा शुक्रवारी काळाच राहतो.

पोलीस

बृहन्मुंबईत चित्रपटगृहाचा परवाना पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतो, बंदोबस्तही पोलीसच देतात. त्यामुळे स्थानिक निरीक्षकाने 'बघा, तुमचं तुम्ही ठरवा' एवढे म्हटले तरी मालक ते आदेशासारखे ऐकतो. पोलिसांच्या हाती साधने भरपूर आहेत. कार्यकर्त्यांना आधी नोटीस देता येते (पूर्वीची '१४९ची नोटीस', १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८), प्रतिबंधात्मक अटक करता येते (पूर्वीचे १५१, आता १७०) आणि जमावबंदी लावता येते (पूर्वीचे १४४, आता १६३). चांगला बंदोबस्त म्हणजे दारात उभी केलेली एक गाडी नव्हे. आदल्या रात्रीच्या नोटिसा, वाहनतळावर नजर, प्रेक्षागृहात साध्या वेशातले दोन-तीन जण, महिला पोलीस आणि शेवटचा खेळ सुटेपर्यंत न हलणारी तुकडी, हे सगळे त्यात आले. पहिल्या खेळाला कडक आणि रात्रीच्या खेळाला ढिला बंदोबस्त ही नेहमीची चूक.

मुंबईतली उदाहरणे

दीपा मेहता यांचा 'फायर' १३ नोव्हेंबर १९९८ रोजी प्रदर्शित झाला आणि जवळजवळ तीन आठवडे शांतपणे चालला. २ डिसेंबरला शिवसैनिकांनी गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये तोडफोड केली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलवर हल्ला झाला. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचेच सरकार होते. खेळ थांबले, चित्रपट फेरविचारासाठी सेन्सॉरकडे गेला, पुन्हा काटछाट न होता मंजूर झाला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये परत लागला.

'माय नेम इज खान'च्या वेळी चित्र उलटे होते. आयपीएलमधल्या पाकिस्तानी खेळाडूंविषयी शाहरुख खान बोलला म्हणून शिवसेनेने विरोध पुकारला. मल्टिप्लेक्सनी आगाऊ तिकीटविक्री थांबवली आणि १२ फेब्रुवारी २०१०च्या सकाळी बरेच पडदे या चित्रपटाविनाच होते. पण सरकारने बंदोबस्ताची हमी दिली होती, धरपकडही मोठी झाली होती. काही ठिकाणचे खेळ सुरळीत पार पडल्याचे दिसल्यावर दुपारनंतर इतरांनीही चित्रपट लावला. पहिला कोण लावणार हाच प्रश्न असतो. एकाने लावला आणि काच शाबूत राहिली की बाकीचे मागे येतात.

'ऐ दिल है मुश्किल' अडला तो संघटनेच्या पातळीवर. १८ सप्टेंबर २०१६च्या उरी हल्ल्यानंतर मनसेने पाकिस्तानी कलावंतांच्या चित्रपटांना विरोध केला. ऑक्टोबरच्या मध्याला सिनेमा ओनर्स अँड एक्झिबिटर्स असोसिएशनने आपल्या सदस्यांनी असे चित्रपट लावू नयेत असे ठरवले, आणि ही संघटना मुख्यतः एकपडदावाल्यांची. २२ ऑक्टोबरला 'वर्षा' बंगल्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, राज ठाकरे आणि निर्मात्यांचे प्रतिनिधी यांची बैठक झाली आणि २८ ऑक्टोबरला चित्रपट लागला. सैन्य कल्याण निधीला ५ कोटी रुपये देण्याची मागणी याच बैठकीतली. तिच्यावर माजी सेनाधिकाऱ्यांनीच टीका केली. कायदा राखायचा ज्यांनी, त्यांच्याच घरी तडजोड झाल्यावर पुढच्या निवेदनाची किंमत काय राहणार, हे मालकांना बरोबर कळले.

'पद्मावत' (२५ जानेवारी २०१८) मुंबईत पोलीस बंदोबस्तात लागला. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा येथे मात्र आपले सदस्य तो दाखवणार नाहीत, असे मल्टिप्लेक्स असोसिएशनने जाहीर केले. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या बंदी आदेशांना १८ जानेवारीलाच स्थगिती दिली होती. पण मालकाने स्वतःहून दार लावले तर स्थगितीचा उपयोग काय?

मुंबईच्या वेशीवर, ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे जितेंद्र आव्हाड आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी 'हर हर महादेव'चा खेळ बंद पाडला आणि मनसेच्या कार्यकर्त्यांनी तो पुन्हा सुरू करायला लावला. एका रात्रीत एकच व्यवस्थापक दोन विरुद्ध दबावांखाली. हीच ताकद पडद्यावर चित्रपट चढवायलाही वापरली गेली आहे: १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूरने दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला जागा नाकारली, तेव्हा शिवसेनेच्या दबावानेच तो तिथे लागला. मराठी माणसाला ती आठवण गोड वाटते. रस्त्यावरून कार्यक्रम ठरवण्याचा हक्क मात्र तिथेही तोच होता.

न्यायालये काय म्हणतात

निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दडपणे म्हणजे कायद्याचे राज्य नाकारणे होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात १९८९ मध्येच सांगितले. १ ऑक्टोबर २०१८ च्या कोडुंगल्लूर फिल्म सोसायटीच्या निकालात जमावाच्या तोडफोडीबाबत मार्गदर्शक सूचना आल्या. सर्वांत उपयोगी निकाल एप्रिल २०१९ चा. कोलकात्यातल्या चित्रपटगृहांनी 'भविष्यतेर भूत' हा बंगाली चित्रपट प्रदर्शनानंतर लगेच उतरवला. त्यामागे पोलिसांचा हात असल्याचे नोंदवून न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. प्रमाणित चित्रपटाला संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्यच आहे, असेही सांगितले.

तो दावा टिकला, कारण पोलिसांनी निर्मात्याला लेखी पत्र पाठवले होते. मुंबईत तोंडी सल्ल्यावर काम भागते. म्हणून जाणता निर्माता शुक्रवारची वाट पाहत नाही. बंदोबस्ताची मागणी पोलीस आयुक्तालयात लेखी करून तो शिक्क्यानिशी पोच घेतो, रद्द झालेल्या प्रत्येक खेळाचे कारण चित्रपटगृहाकडून ईमेलने मागवतो आणि अ‍ॅपवर वेळा दिसत होत्या तेव्हाचे स्क्रीनशॉट ठेवतो. 'प्रतिसाद नाही' असे उत्तर आले तर विकल्या गेलेल्या आगाऊ तिकिटांचा आकडा वितरकाकडे असतोच.