टेकूवर उभी रुग्णालयं: ब्रिटनमधल्या वादाची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या संसदेत राष्ट्रीय आरोग्य सेवेवरून जुंपली की दोन आकडे हमखास निघतात. एक आश्वासन दिलेल्या नव्या रुग्णालयांचा, ४०. दुसरा इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या थकलेल्या दुरुस्तीचा, २०२३-२४ अखेर १३.८ अब्ज पौंड. भाषणं पहिल्यावर होतात. खरं दुखणं दुसऱ्यात आहे, आणि ते कुठल्याही एका पक्षाच्या राजवटीत सुरू झालेलं नाही.

५ जुलै १९४८ ला ॲन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना ही सेवा सुरू झाली, ती जुन्याच वास्तूंमध्ये. कित्येक रुग्णालयं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली होती, काही तर गरिबांना राबवून घेणाऱ्या ‘वर्कहाउस’च्या इमारतींत होती. युद्धानंतर सिमेंट-पोलाद आधी घरांकडे वळलं आणि रुग्णालयांच्या वाट्याला डागडुजी आली. बांधकामावरचा खर्च फार तोकडा आहे, असं या सेवेचा खर्च तपासणाऱ्या गिलबो समितीने १९५६ मध्येच सांगितलं. १९६२ मध्ये हुजूर पक्षाचे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी ९० नवी रुग्णालयं बांधण्याची आणि १३४ रुग्णालयांचा कायापालट करण्याची योजना मांडली. कामं सुरू झाली, पण खर्चाचा अंदाज चुकला. पुढे तेलसंकट आलं, १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, आणि कात्री लागली ती बांधकामांना.

याच काळात स्वस्त आणि झटपट बांधकामासाठी ‘राक’ नावाचं हलकं काँक्रीट सर्रास वापरलं गेलं. त्यात खडी नसते, आत हवेचे बुडबुडे असतात. त्यामुळे वजन कमी भरतं, पण ताकदही कमीच. पाणी मुरलं की आतल्या सळ्या गंजतात आणि वरून काही कळत नाही. त्याचं आयुष्य साधारण ३० वर्षं धरलेलं होतं. पूर्व इंग्लंडमधल्या किंग्ज लिन इथलं क्वीन एलिझाबेथ रुग्णालय १९८० मध्ये सुरू झालं, म्हणजे त्याची मुदत २०१० च्या सुमारास संपली. तरी ते चालूच राहिलं. आज तिथलं छत हजारो टेकूंवर तोललेलं आहे आणि त्या लोखंडी खांबांमधून वाट काढत परिचारिका खाटांपर्यंत पोहोचतात. हे काँक्रीट पूर्वसूचना न देताही कोसळतं, हे २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका शाळेत दिसलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुलं वाचली.

पैशाची चणचण भागवायला १९९२ मध्ये हुजूर सरकारने खासगी भांडवलाची वाट काढली: कंपनीने रुग्णालय बांधायचं, सरकारने २५-३० वर्षं हप्ते भरायचे. १९९७ नंतर मजूर पक्षाने हीच वाट रुंद केली. इमारती उभ्या राहिल्या, हे मान्य केलंच पाहिजे. पण २०१९ मधल्या एका अभ्यासानुसार सुमारे १३ अब्ज पौंडांच्या गुंतवणुकीपोटी एकूण ८० अब्ज मोजावे लागणार होते. २०१८ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी ही पद्धत बंद झाली.

त्याआधीच्या काटकसरीच्या वर्षांत जे घडलं, त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. पगार, औषधं, रोजचे उपचार यांना पैसे पुरेनात, तेव्हा इमारती आणि यंत्रांसाठी राखलेला निधी तिकडे वळवला गेला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाने २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच वर्षांत असे ४.३ अब्ज पौंड वळवले गेले. समोर रुग्ण तळमळत असताना छताची दुरुस्ती पुढे ढकलणाऱ्याला दोष देणं अवघड आहे. मात्र दरवर्षी तेच करायला लावणाऱ्या अर्थखात्याला जाब विचारलाच पाहिजे. दुरुस्ती टाळली म्हणून खर्च टळत नाही. गळकी पाइपलाइन शस्त्रक्रियागृह बंद पाडते, मग ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतात आणि प्रतीक्षायादी लांबते. २०२३-२४ अखेर थकलेल्या दुरुस्तीपैकी सुमारे २.७ अब्ज पौंडांची कामं ‘उच्च जोखीम’ गटातली होती. अशी कामं तातडीने झाली नाहीत, तर माणसं गंभीर जखमी होऊ शकतात किंवा रुग्णसेवा ठप्प होऊ शकते.

२०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ४० नव्या रुग्णालयांचं आश्वासन दिलं. यादी आली तेव्हा त्यात जुन्या रुग्णालयांचे नवे विभाग आणि नूतनीकरणही मोजलेलं होतं. मे २०२३ मध्ये ‘राक’ने पोखरलेली आणखी पाच रुग्णालयं यादीत घ्यावी लागली, त्यात किंग्ज लिनही होतं. ‘नवं रुग्णालय’ कशाला म्हणायचं याच्या मूळ व्याख्येनुसार २०३० पर्यंत ४० ऐवजी ३२ च होतील, असं लेखापरीक्षकांनी त्याच वर्षी बजावलं.

२०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. सरकारसाठी आरोग्य सेवेची पाहणी करणारे शल्यचिकित्सक लॉर्ड दार्झी यांच्या सप्टेंबरमधल्या अहवालाने भांडवली गुंतवणुकीतली तूट ३७ अब्ज पौंडांवर असल्याचं सांगितलं. प्राथमिक आरोग्यसेवेच्या पाचांतली एक वास्तू १९४८ च्याही आधीची असल्याचं त्यातच नोंदलेलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी आधीचं वेळापत्रक पैशाविनाच आखलं होतं, असं म्हणत नवं वेळापत्रक मांडलं. ‘राक’ची रुग्णालयं अग्रक्रमावर राहिली, पण शेवटच्या टप्प्यातल्या काही रुग्णालयांचं बांधकाम सुरू व्हायलाच २०३५ ते २०३९ उजाडणार आहे. विरोधकांनी याला विश्वासघात म्हटलं. २०२५ मध्येच वस्तीपातळीवरच्या आरोग्यकेंद्रांसाठी खासगी भागीदारीचा पर्याय सरकारनेच पुन्हा चर्चेत आणला.