टेक्निकल ग्राउंडवर सुटला: पुण्यातल्या या रागाची पार्श्वभूमी

मोठ्या माणसाची शिक्षा अपिलात रद्द झाल्याची बातमी आली की पुण्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, पैसा असला की सगळं मॅनेज होतं. दुसरं, टेक्निकल ग्राउंडवर सुटला. पहिलं रिक्षात, टपरीवर, सोसायटीच्या ग्रुपवर चालतं, दुसरं जरा पेपर वाचणाऱ्या घरात, पण राग दोन्हीकडे तोच. शिवाजीनगर कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या ज्युनियर वकिलासमोर हे दुसरं वाक्य बोलून बघा, तो हातातली वकालतनाम्याची चळत सांभाळत तुम्हाला ऐकवेल की टेक्निकल बिक्निकल काही नसतं, पुरावा कायद्यात बसतो नाहीतर बसत नाही. दोघंही आपापल्या जागी थोडे बरोबर आहेत आणि ही रस्सीखेच बरीच जुनी आहे.

फार मागे जायचं तर नौदलातला अधिकारी नानावटी याचा १९५९ चा खुनाचा खटला आठवतो. पण तिथे उलटं होतं. ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि लोक मात्र सगळा वेळ आरोपीच्याच बाजूने होते. शेवटी १९६४ मध्ये माफी मिळाली. म्हणजे लोकांचा राग नेहमी सुटणाऱ्यावरच असतो असं काही नाही, माणूस आवडता असला की तो शिक्षा देणाऱ्यावरही निघतो.

सुटकेच्या निकालावर राग काढायची पद्धत आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजली ती १९७८ नंतर. त्यात सेलिब्रिटी कोणीच नव्हतं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने ती १९७८ मध्ये रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती. यावर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी खुलं पत्र लिहिलं, तिघं दिल्लीचे आणि एक बाई आपल्या पुण्याच्या. पुण्याचा हा वाटा फारसा कोणाला ठाऊक नसतो, ज्यांना असतो ते तो प्रत्येक भाषणात सांगतात, असो. मार्च १९८० मध्ये ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या केसमध्ये शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हाची. निकाल काही बदलला नाही, त्या मुलीला काहीच मिळालं नाही, पण पुढच्यांसाठी नियम बदलला. त्यानंतरच्या रागांचं असं काही चीज झालेलं फार कमी वेळा दिसतं.

पुणेकरांचा या विषयाशी रोजचा संबंध आला तो येरवड्याच्या जेलमुळे. मुंबईच्या बॉम्बस्फोट खटल्यातला नट संजय दत्त २००७ मध्येही काही दिवस इथे राहून गेला होता, पण मे २०१३ पासून पुढची जवळपास तीन वर्षं तो शहराचा अर्धा रहिवासीच झाला होता. आत कागदी पिशव्या बनवतो, जेलच्या अंतर्गत रेडिओवर बोलतो, हे सगळं आपण पेपरात वाचत होतो. त्याच्या केसमध्ये शिक्षा रद्द झाली नव्हती हे खरं, पण टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कटाच्या आरोपातून तो २००६ मध्येच सुटला होता आणि तपास यंत्रणेने त्या सुटकेविरुद्ध अपीलच केलं नाही. उरला तो आर्म्स ॲक्ट, म्हणजे बेकायदा शस्त्र बाळगल्याचा आरोप. सहा वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने मार्च २०१३ मध्ये पाचवर आणली. म्हणजे ज्या गोष्टीवर खरं तर रान उठायला हवं होतं, ते न झालेलं अपील, ती कोणाच्या लक्षातही आली नाही आणि राग निघाला तो पॅरोल आणि फर्लोवर, म्हणजे जेलमधून मिळणाऱ्या रजांवर. डिसेंबर २०१३ मध्ये बायकोच्या आजारपणासाठी पॅरोल मंजूर झाला तेव्हा येरवड्याबाहेर निदर्शनं झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये चांगल्या वर्तणुकीची सूट धरून तो आठ महिन्यांहून जास्त आधी बाहेर आला, जमिनीला हात लावला, जेलवरच्या तिरंग्याला सॅल्यूट ठोकला आणि कॅमेरे त्याच्यामागे एअरपोर्टपर्यंत पळाले. सुटकेला आव्हान देणारी याचिका हायकोर्टात गेली, ती २०१८ मध्ये निकाली निघाली, नियमबाह्य काही आढळलं नाही असं कोर्ट म्हणालं. ही बातमी किती जणांनी वाचली देव जाणे.

याच काळात, डिसेंबर २०१५ मध्ये तो निकाल आला ज्याच्याभोवती आजही ही सगळी चर्चा फिरते. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्याला बेकरीसमोर फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर नट सलमान खानची गाडी गेली, एक मेला, चार जखमी. घटना सगळ्यांना पाठ आहे. ६ मे २०१५ ला सेशन्स कोर्टाने पाच वर्षं दिली आणि काही तासांत हायकोर्टाने दोन दिवसांचा अंतरिम जामीन दिला कारण निकालाची सविस्तर प्रतच मिळाली नव्हती. हे कारण कायद्याने योग्य होतं पण ज्यांचे नातेवाईक जामिनाच्या तारखा मोजत महिनोन्‌महिने आत बसलेत त्यांना ते कसं वाटलं असेल याचा विचार करा. एका गायकाने तर रस्त्यावर झोपणाऱ्यांनाच नावं ठेवली आणि नंतर माफी मागितली. मग १० डिसेंबरला हायकोर्टाने सगळ्या आरोपांतून सोडलं. इथे फटाके, तिथे शिव्या आणि मोबाईलवर एकच जोक फिरत होता की मग गाडी चालवत कोण होतं. गंमत म्हणजे शिव्या देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी महिन्याभरापूर्वी दिवाळीत त्याचाच सिनेमा घरच्यांना घेऊन बघितला होता.

आता हा निकाल जरा उघडून बघायला पाहिजे कारण टेक्निकल म्हणतात ते नेमकं इथे आहे. मुख्य साक्षीदार होता त्याचा बॉडीगार्ड, पोलीस शिपाई, त्याच रात्री गाडीत असलेला. फिर्याद त्याचीच. खटला आधी वांद्र्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर निष्काळजीपणाच्या कलमाखाली, म्हणजे ३०४ अ, जास्तीत जास्त दोन वर्षं, असा चालला. सदोष मनुष्यवधाचं कलम, ३०४ भाग दोन, पोलिसांनी लावलं होतं, पण हायकोर्टाने ते काढलं, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००३ मध्ये म्हटलं की मॅजिस्ट्रेटने पुरावा बघून ठरवावं. त्यामुळे शिपायाची साक्ष आणि उलटतपासणी दोन वर्षांच्या कलमाच्या खटल्यात झाली. मधे साक्षीला हजर राहिला नाही म्हणून त्यालाच अटक झाली, नोकरी गेली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तो टीबीने गेला. नंतर, २०१३ च्या आसपास, कलम वाढवून ३०४ भाग दोन झालं, दहा वर्षांचं, ते सेशन्समध्येच चालतं, म्हणून खटला पहिल्यापासून सुरू. साक्षीदार तर गेलेला.

अशा वेळी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३३ कामाला यायचं. मेलेल्या साक्षीदाराची आधीच्या केसमधली साक्ष वापरता येते पण पक्षकार तेच हवेत, समोरच्याला उलटतपासणीची संधी मिळालेली हवी आणि दोन्ही केसमधले वादाचे प्रश्न मुळात तेच हवेत. सेशन्सने ती साक्ष घेतली, हायकोर्टाने नाही घेतली. हायकोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की आरोपच बदलला तर प्रश्नही बदलले, दोन वर्षांच्या आरोपाला धरून केलेली उलटतपासणी दहा वर्षांच्या आरोपाला कशी पुरेल. ऐकायला पटतं. ३०४ भाग दोनमध्ये माणूस मरू शकतो याची जाणीव होती का हा प्रश्न येतो, तो ३०४ अ मध्ये त्या रूपात नसतो. पण गाडी कोण चालवत होतं, वेग किती होता, हे प्रश्न दोन्हीकडे अक्षरशः तेच नाहीत का? माझ्या मते निकालातली ही जागा सगळ्यात कच्ची आहे आणि ज्यांना निकाल खटकतो त्यांनी बोट इथे ठेवायला हवं, न्यायाधीश विकला गेला वगैरे बरळत बसण्यापेक्षा.

पण हेही सांगायला हवं की हायकोर्ट तेवढ्यावर थांबलं नव्हतं. साक्ष घेतली तरी ती पूर्ण भरवशाची नाही असंही म्हटलं, कारण पहिल्या फिर्यादीत दारूचा शब्द नव्हता, तो नंतरच्या जबाबात आला. गाडीत असलेला आणखी एक माणूस, तोही गायक, त्याला सरकार पक्षाने साक्षीला आणलंच नाही. त्याचा ड्रायव्हर तेरा वर्षांनी उभा राहून गाडी मीच चालवत होतो म्हणाला, ते खरं होतं का हा वेगळा विषय, पण ते खोडून काढायला सरकार पक्षाकडे जे हवं होतं ते उरलं नव्हतं. लोकांना काय वाटतं याची कल्पना आहे पण निकाल रेकॉर्डवरच्या पुराव्यावरच द्यावा लागतो, अशा अर्थाचंही कोर्टाने त्यात लिहिलंय. म्हणजे टेक्निकल हे अर्धंच खरं. बाकीचं अर्धं म्हणजे तपास आणि कलमांचा तेरा वर्षांचा गोंधळ, आणि तो गोंधळ चालू होता तेव्हा फुटपाथवरच्या त्या माणसांची चौकशी करायला ना चाहते होते ना आपण. राज्य सरकार नंतर सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे अपील २०१६ मध्ये दाखल करून घेतलं गेलं पण लवकर सुनावणीला नकार मिळाला.

शिक्षा रद्द झाली म्हणजे विषय संपला असंही नसतं हे पतियाळाच्या केसने दाखवलं. डिसेंबर १९८८ मध्ये रस्त्यावरच्या भांडणात एक म्हातारे गृहस्थ गेले, आरोपी भारताचा क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू, पुढे कॉमेंट्री, टीव्हीवरचं हसणं, मग राजकारण. १९९९ मध्ये सुटला, २००६ मध्ये हायकोर्टाने तीन वर्षं दिली, २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवण्यालाच स्थगिती दिली आणि गडी परत निवडून आला. मे २०१८ मध्ये सदोष मनुष्यवध गेला, उरली मारहाण, दंड १००० रुपये. हजार रुपयांवर तेव्हा जोरदार विनोद झाले, आठवडाभरात विसरले गेले. विसरलं नाही ते घरच्यांनी, त्यांनी फेरविचार याचिका केली आणि मे २०२२ मध्ये त्याच कोर्टाने एक वर्ष सक्तमजुरी दिली. चौतीस वर्षांनी. ती त्याने भोगलीही.

परदेशातल्या दोन केसेस आपल्याकडे व्हॉट्सॲपवर हमखास एकात एक मिसळतात. पेनसिल्वेनियातल्या केसमध्ये कॉमेडियन बिल कॉस्बीची लैंगिक अत्याचाराची शिक्षा जून २०२१ मध्ये रद्द झाली कारण २००५ मध्ये तिथल्या सरकारी वकिलाने प्रेसनोट काढून केस करणार नाही असं जाहीर केलं होतं, त्या भरवशावर तो दिवाणी दाव्यात बोलला आणि दहा वर्षांनी दुसऱ्या सरकारी वकिलाने तेच बोलणं त्याच्याविरुद्ध वापरलं. कोर्टाने पुन्हा खटला चालवायलाही मनाई केली. न्यूयॉर्कच्या केसमधला सिनेनिर्माता हार्वी वाइनस्टीन वेगळा, लैंगिक अत्याचाराबद्दलची त्याची २०२० ची शिक्षा एप्रिल २०२४ मध्ये ४ विरुद्ध ३ ने रद्द झाली कारण आरोपपत्रात नसलेल्या बायकांच्या साक्षी घेतल्या होत्या, पण तो बाहेर आला नाही, लॉस एंजलिसच्या दुसऱ्या खटल्यातली सोळा वर्षांची शिक्षा होतीच, आणि जून २०२५ मध्ये फेरखटल्यात एका आरोपात परत दोषी ठरला. पहिल्यात चूक सरकारची, दुसऱ्यात खटला चालवणाऱ्या कोर्टाची आणि दोन्हीकडे लोकांना फक्त एवढंच दिसलं की सुटला.

पुण्यात या सगळ्याला नवं तोंड फुटलं ते मे २०२४ मध्ये, कल्याणीनगरला. आरोपी सेलिब्रिटी नव्हता, मोठ्या घरचा अल्पवयीन मुलगा, त्याच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर गेले आणि ३०० शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन मिळाला. शहर इतकं पेटलं की तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि जूनमध्ये हायकोर्टाने ते पाठवणंच बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं, यंत्रणा लोकांच्या दबावाखाली आली असं सुनावलं. परत तीच दोन वाक्यं. ससून हॉस्पिटलमध्ये त्या मुलाच्या रक्ताच्या नमुन्याची अदलाबदल झाल्याचा राग मात्र वेगळ्या जातीचा होता, तो निकालावर नव्हता, पुरावा तयार होतो त्या जागेवर होता, आणि त्या प्रकरणात डॉक्टरांना अटक झाली.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं झालं, कलमांचे आकडे बदलले, वकिलांनी नवी पुस्तकं घेतली. मेलेल्या साक्षीदाराच्या साक्षीचं जुनं कलम ३३ आता २७ झालंय, आणि वादाचे प्रश्न मुळात तेच हवेत ही अट त्यात जशीच्या तशी आहे.