आकाशपाळणा शिकागोत जन्मला नाही

नवरात्रात नाशिकला कालिकामातेच्या यात्रेत आकाशपाळण्यापुढे रांगेत उभं राहिलं, की कुणीतरी हमखास सांगतं, "याचा शोध फेरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लावला." हे खरं नाही.

पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली, आजच्या बल्गेरियात, माणसं बसवून फिरणारं लाकडी चाक पाहिलं आणि त्याचं चित्रही काढून ठेवलं. (हाच मंडी पुढे आपल्या शेजारी सुरतेला आला होता.) खुद्द अमेरिकेतही विल्यम सोमर्सची लाकडी चाकं फेरिसच्या आधीच फिरत होती.

फेरिसचं श्रेय आकाराचं आणि पोलादाचं, आणि ते मोठंच आहे: २६४ फूट उंची, ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं, म्हणजे एका वेळी २,१६० जण! ते चाक १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं. इंग्रजीत नाव मात्र फेरिसचंच चिकटलं, 'फेरिस व्हील', म्हणून शोधही त्याचाच वाटतो.

आपला जुना शब्द बघा: रहाटपाळणा. विहिरीवरच्या रहाटावरून आलेला. चार पाळण्यांचा तो लाकडी रहाट आठवा. पाळणेवाला हाताने ढकलतो, लाकूड करकरतं आणि वर गेलेलं पोर आईला हाका मारतं.