संशोधकाचा पगार कोण देतो?

विज्ञान हा पोटापाण्याचा व्यवसाय होऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. त्याआधी संशोधन करायचे तर घरचा पैसा लागे, नाहीतर राजाश्रय. हायड्रोजनवर काम करणारा इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश गर्भश्रीमंत होता, गॅलिलिओ नव्हता. १६१० मध्ये गुरूचे चार उपग्रह दिसले तेव्हा त्याने त्यांना मेदिची घराण्याचे नाव दिले आणि त्याच वर्षी टस्कनीच्या दरबारात नेमणूक पदरात पाडून घेतली. शिवाय पीसा विद्यापीठातले पद, तेही शिकवायची सक्ती नसलेले. आजच्या अनुदानाच्या अर्जाचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

पगारी संशोधक घडला तो एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत. १८१० च्या बर्लिन विद्यापीठाने अध्यापन आणि संशोधन एकाच छताखाली आणले. पुढे गीसेन या गावी रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिगने विद्यार्थ्यांना थेट प्रयोगशाळेत उभे केले. अशा शिक्षणातून तयार झालेल्या रसायनतज्ज्ञांना रंगांच्या कारखान्यांनी नोकऱ्या दिल्या. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने कृत्रिम निळीचे हक्क १८८० मध्ये घेतले, माल बाजारात आला १८९७ मध्ये. सतरा वर्षे धीर धरणारी कंपनी आज शोधावी लागेल! अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा बेल लॅब्स (१९२५) आणि तिथे १९४७ मध्ये जन्मलेला ट्रान्झिस्टर हीसुद्धा अशाच धीराची फळे. फक्त त्या धीरामागे टेलिफोन व्यवसायातली जवळपास मक्तेदारी होती. १९८४ मध्ये ती मोडली आणि बेल लॅब्सचे ते दिवसही हळूहळू सरले.

आजच्या व्यवस्थेचा साचा मात्र १९४५ चा. दुसऱ्या महायुद्धात सरकारी पैशाने रडार आणि अणुबाँब घडवले होते. तो ओघ शांततेतही चालू ठेवावा, मूलभूत संशोधन विद्यापीठांत व्हावे, असा अहवाल अमेरिकेच्या युद्धकालीन संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हार बुश यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना दिला. १९५० मध्ये संशोधनाला सरकारी अनुदान देणारे नॅशनल सायन्स फाउंडेशन उभे राहिले. १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक उडाला आणि तिजोरी आणखी सैल झाली.

मेख आहे ती पैसे देण्याच्या पद्धतीत. अनुदान ठरावीक मुदतीच्या प्रकल्पाला मिळते. प्राध्यापक अर्ज करतो, त्याच विषयातले तज्ज्ञ तो तपासतात, मंजूर रकमेतून पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या पदावर काम करणारे संशोधक) यांचे पगार निघतात, वर विद्यापीठ आपला व्यवस्थापन खर्च वसूल करते. एक प्राध्यापक कारकिर्दीत डझनभर पीएचडी सहज घडवतो. त्याची स्वतःची खुर्ची मात्र एकच. विद्यापीठे वाढत होती तोवर हे खपून गेले. १९७० च्या दशकात वाढ मंदावली आणि पोस्टडॉकचा दोन वर्षांचा थांबा अनेकांचा मुक्कामच होऊन बसला.

पैसा ओतून हे सुटत नाही, हेही दिसले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निधी १९९८ ते २००३ या काळात दुप्पट झाला. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसे भरली. मग निधी थबकला, अर्ज मात्र वाढतच राहिले. तिथले मोठे स्वतंत्र अनुदान पहिल्यांदा मिळतानाचे सरासरी वय १९८० च्या सुमारास छत्तिशीत होते, आता ते चाळिशी ओलांडून गेले आहे.

दरम्यान, १९७०-८० च्या सुमारास उद्योगाचे दार उघडले होते. जेनेनटेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी १९७६ ची, आणि सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांना ठेवू देणारा अमेरिकेचा बे-डोल कायदा १९८० चा. जैवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांची गोष्ट इथे टाळता येत नाही. एमआरएनएच्या (पेशीला प्रथिने बनवण्याची सूचना देणाऱ्या रेणूच्या) कामाला अनुदान मिळेना, म्हणून १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले. त्या टिकून राहिल्या, २०१३ मध्ये बायोएनटेक कंपनीत गेल्या आणि २०२३ मध्ये नोबेल घेतले.

पुढच्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा गूगलच्या डीपमाइंडमधल्या दोघांना मिळाला. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारी त्यांची अल्फाफोल्ड ही संगणकीय प्रणाली शिकली ती प्रोटीन डेटा बँक या संग्रहातल्या रचनांवरून. १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी त्या एकेक करून जमवल्या होत्या, बऱ्याचशा सार्वजनिक अनुदानावर.