हाय-पॉवर एलईडी जोडण्याआधी हे वाचा

काउंटरवर रोज कोणीतरी विचारतं, "भाऊ, ही एलईडी बारा व्होल्टवर चालते ना?"

थेट नाही चालत. १ वॅटच्या पांढऱ्या एलईडीला साधारण ३ ते ३.४ व्होल्ट आणि ३५० मिलिअँपिअर लागतात, आणि सांभाळायचा असतो तो दुसरा आकडा. पाव व्होल्ट जास्त मिळाला तरी करंट दुपटीच्या घरात जातो. त्यात एलईडी तापली की त्याच व्होल्टेजवर आणखी करंट ओढते, मग आणखी तापते. मोबाइलच्या चार्जरला थेट जोडलेली एलईडी "दोन मिनिटं मस्त चालली, मग गेली" ती यामुळेच.

म्हणून अडॅप्टर नको, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर घ्या. तो ठरलेला करंट धरून ठेवतो आणि व्होल्टेज स्वतः जुळवून घेतो. त्यावर "३–५ × १ वॅट, ३०० मिलिअँपिअर" असं काही छापलेलं असतं. म्हणजे १ वॅटच्या तीन ते पाच एलईडी सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. पॅरलल लावू नका. दोन एलईडी कधी अगदी सारख्या नसतात. एक जास्त करंट खाते आणि आधी जाते.

रेझिस्टर लावून काम होतं का? होतं, पण व्होल्टेज स्थिर असेल तरच. चांगला १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि सिरीजमध्ये तीन एलईडी धरा. तिन्हींचे मिळून ९.६ व्होल्ट, उरले २.४. त्याला ०.३५ ने भागलं की ६.८ ओहम. त्यात जवळजवळ पाऊण-एक वॅट उष्णता निघते, तेव्हा रेझिस्टर २ वॅटचा घ्या. हीच जोडणी गाडीवर केली, तर इंजिन सुरू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर मिळतात आणि करंट ३५० वरून सहाशेच्या आसपास पोहोचतो. गाडीसाठी ड्रायव्हरच.

आता उष्णतेचं. एलईडीला दिलेल्या विजेतली अर्ध्याहून जास्त उष्णताच होते. नागपुरात मे अखेरच्या नवतपात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या शेडखाली तर विचारू नका. दुसऱ्या शहरातल्या व्हिडिओत पुरेसा ठरलेला हीटसिंक (एलईडीची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) इथे पुरेलच असं नाही. आमच्या हिशेबाने एक नंबर मोठाच घ्या. एलईडीच्या पाटीखाली थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, लोणी लावल्यासारखा जाड नको. अर्धा तास चालवा, वीज बंद करा, मग हीटसिंकला बोट लावा. पाच सेकंद टिकत नसेल तर हीटसिंक लहान पडतोय. काही एलईडींचा मागचा धातू आतून एका टोकाला जोडलेला असतो. अशा सुट्या एलईडी एकाच हीटसिंकवर सरळ बसवल्या तर शॉर्ट होतो. मल्टिमीटरवर तपासून घ्या.

एक जोडणी मात्र कधीच करू नका. ड्रायव्हर चालू आणि त्यावर एलईडी जोडायची, असं नको. रिकाम्या ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये पूर्ण व्होल्टेज साठलेलं असतं. वायर टेकली की तो झटका एलईडीवर येतो. आधी एलईडी जोडा, शेवटी २३० व्होल्ट द्या.

स्वस्त ड्रायव्हर बरेचदा नॉन-आयसोलेटेड असतात, म्हणजे आउटपुट आतून मेन लाइनपासून वेगळं केलेलं नसतं. आउटपुटवर लिहिलेलं १२ व्होल्ट, पण जमिनीशी संबंध आला तर मेन लाइनचाच शॉक! असा ड्रायव्हर उघड्या धातूच्या दिव्यात, बाथरूममध्ये किंवा कूलरजवळ लावू नका. धातूच्या बॉडीला अर्थिंग द्या. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच करून घ्या.

जुना ड्रायव्हर वापरायचा असेल तर दुकानात घेऊन या, सोबत एलईडीही आणा. करंट मोजून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. जळालेली एलईडी मात्र बदलून मिळणार नाही.